दुसऱ्याची कळ आणि आपला मेंदू

दुसऱ्याला लागलेले पाहून आपला जीव कळवळतो, तेव्हा मेंदूत काय घडते? मेंदूसंशोधक टानिया सिंगर यांनी लंडनमध्ये सोळा जोडप्यांवर केलेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. स्त्री स्कॅनरमध्ये, जोडीदार शेजारी. विजेचा चटका कधी तिच्या हाताला, तर कधी त्याच्या. चटका त्याला बसतो आहे, एवढे खुणेवरून कळले तरी तिच्या मेंदूतील इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेटचा पट्टा सक्रिय होई. तिला स्वतःला चटका बसल्यावरही हेच भाग सक्रिय होत. मात्र कळ नेमकी कुठे उठली हे टिपणारा भाग परक्या वेदनेने हलत नसे. जोडीदाराचा त्रास तिच्यापर्यंत पोचे, त्याच्या हातातली कळ नाही.

हे झाले दुसऱ्याच्या वेदनेची नुसती खूण मिळाल्यावरचे. माणसे एकमेकांचा हात धरतात तेव्हा परिणाम दोघांवर होतो. पुराचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी निफाड तालुक्यातल्या सायखेड्यात घराघरांत शिरले. गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढला की सायखेडा आणि नदीपलीकडचे चांदोरी यांच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी घाबरलेल्या म्हातारीचा हात शेजारणीने धरला, तर ती केवळ औपचारिकता ठरत नाही. जेम्स कोन यांच्या २००६ च्या अभ्यासात, शॉक बसणार या धास्तीत असलेल्या विवाहित स्त्रियांनी पतीचा हात धरताच धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग बरेच शांत झाले. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा उतार पडला. पावेल गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये बावीस जोडप्यांच्या मेंदूलहरी एकाच वेळी नोंदवल्या. वेदनेत हात धरला असताना दोघांच्या लहरींचा मेळ वाढला. मेळ जितका अधिक, तितकी वेदना कमी जाणवली.

मदत करणाऱ्याच्या बाजूचा विचार फार थोडा होतो. तो व्हायला हवा. क्लिमेकी आणि सिंगर यांनी लोकांना आधी दुसऱ्याच्या दुःखाशी समरस होण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांची स्वतःची उदासी वाढली आणि इन्सुला अधिक सक्रिय झाला. पुढे त्याच लोकांना करुणेचा, म्हणजे दुःखिताचे भले चिंतण्याचा सराव दिला. तेव्हा उदासी ओसरली आणि समाधान व आपुलकी यांच्याशी निगडित, वेगळेच भाग सक्रिय झाले. पूरग्रस्तांत दिवसरात्र राबणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात दोर आणि होडीबरोबर करुणेच्या सरावालाही जागा देता येईल.