भाता, ऐरण आणि प्रयोगशाळा
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



विळे, वखर, तिफणी घडवून आपल्या लोहार-सुतार समाजाने बुलढाणा जिल्ह्याची शेती चालती ठेवली. आज तीच कामे संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे करीत आहेत. त्यांमागील संशोधन एकट्या कारागिराच्या आवाक्यातील नव्हे. म्हणूनच त्यासाठी सरकारी निधीची तरतूद झाली, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये यंत्रनिर्मिती उद्योगाच्या योजनेचा दुसरा टप्पा जाहीर केला. त्यातील १२०७ कोटी रुपयांपैकी ९७५ कोटी सरकारचे, तर २३२ कोटी उद्योगांनी घालावयाचे. लघुउद्योगांसाठी मार्च २०२२ मध्ये आरंभिलेल्या योजनेत, मान्यताप्राप्त संस्थेमार्फत एका नव्या कल्पनेस १५ लाखांपर्यंत साहाय्याची सोय झाली. दोहोंचे मर्म एकच : कारखाना व विद्यासंस्था यांची जोड.

खामगावास औद्योगिक वसाहत आहे. शेगावास १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अंतर थोड्या कोसांचे. खरे अंतर मनाचे! पोलादास पाणी देण्याची कृती बापाने मुलासच सांगावी, ही आपली रीत. तिने घरे तगली. परंतु असा निधी एका घरास मिळत नसतो.

म्हणून आमची विनंती एवढीच, की दहा भट्ट्यांनी मिळून एक अडचण नेमकी लिहून काढावी. फाळ लवकर का झिजतो, एवढा प्रश्नही पुरे. तो घेऊन महाविद्यालयाचे दार ठोठवावे. आपली मुले परगावी यंत्रे चालवावयास जातात. ती यंत्रे येथेच घडविण्याचा मार्ग त्या दारातून जातो.