डोळे आलेत म्हणून मेडिकलमधून ड्रॉप्स आणलेत? बाटली जरा वाचा

हा भाग मुलुंडमधूनच रेकॉर्ड करतोय. बाहेर पाऊस आहे, मधूनच लोकलचा हॉर्न ऐकू येईल, तेवढं चालवून घ्या.

आधीच सांगतो, मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढतो, लेन्स बसवून देतो, मशीनवर डोळा तपासतो आणि काही वेगळं दिसलं तर डॉक्टरकडे पाठवतो. पण आपल्याकडे गंमत अशी आहे की लाल डोळा घेऊन माणूस आधी मेडिकलमध्ये जातो, मग आमच्याकडे येतो आणि डॉक्टरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. त्या मधल्या पायरीवर बसून जे दिसतं, ते आज सांगणार आहे.

पावसाळा आला की डोळे येतात. २०२३ च्या जुलैत आळंदीत साथ उसळली आणि मग राज्यभर, आपल्या मुंबईतसुद्धा, घरोघरी लाल डोळे दिसायला लागले ते आठवत असेल. ही साथ बहुतेक वेळा अॅडिनोव्हायरसची असते. नुसतं बघून ती लागत नाही, हात, टॉवेल, उशी, मोबाइल यातून लागते. त्यामुळे गॉगल लावून समोरच्याचं काही रक्षण होत नाही, फक्त तुम्हाला उजेड टोचत नाही. आणि बहुतेकांचे डोळे आठवड्या-दोन आठवड्यांत आपले आपण बरे होतात. इथपर्यंत ठीक आहे.

अडचण पुढे आहे. साथ सुरू असताना प्रत्येक लाल डोळा ‘आलेला’च वाटतो.

गेल्या वर्षी एक मुलगा आला. चोवीस वर्षांचा, बाइकवर डिलिव्हरीचं काम करणारा. नाव सांगत नाही. जुलैत भाताच्या लावणीला गावी गेला होता, रत्नागिरीकडे. चिखलात वाकून काम करताना पात डोळ्याला लागली. थोडं पाणी आलं, त्याने चोळलं, विसरला. परत आला तेव्हा डोळा लाल. घरात आधीच दोघांचे डोळे आलेले. आई म्हणाली, तुझेपण आले. मेडिकलमधून ड्रॉप्स आणले. आणि ऐका, त्या ड्रॉप्सने दोन दिवसांत डोळा पांढरा झाला. दुखणं थांबलं. तो कामाला लागला. शेजारच्या खोलीतल्या मित्रालाही त्याने त्याच बाटलीतले दोन थेंब दिले, एवढा खूश होता.

दहाव्या-बाराव्या दिवशी माझ्याकडे आला ते नंबर वाढलाय का बघायला. मशीनवर बघितलं तर बुबुळावर पांढरट ठिपका, कडा पिसासारख्या. नंबरचं काम बाजूला ठेवलं आणि विचारलं, बाटली आणलीयस का? खिशातच होती. अँटिबायोटिक होतं आणि त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन. म्हणजे स्टेरॉइड. त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवला. ठिपका खरवडून तपासला, बुरशी निघाली.

आता त्या दोन दिवसांत नेमकं काय झालं ते समजून घेऊ.

डोळ्याची लाली जंतूची नसते. लाली म्हणजे शरीराने पाठवलेली कुमक. रक्तवाहिन्या फुगतात, त्यातून पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूवर तुटून पडतात. दुखणं, पाणी येणं, सूज, उजेड सहन न होणं, हे सगळं त्या लढाईचं. स्टेरॉइड ही लढाईच थांबवतं. लढाई थांबली की लाली जाते, ठणका जातो. जंतूचं मात्र काहीच बिघडत नाही. बाटलीतलं अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, बुरशीवर नाही, व्हायरसवरही नाही. म्हणजे बुरशीला मोकळं रान आणि पहारेकरी झोपलेले. नागिणीच्या कुळातला हर्पिसचा व्हायरस डोळ्यात असेल तरी हेच होतं. झाडाच्या फांदीसारखी बारीक जखम पसरत पसरत नकाशासारखी होते.

मग तुम्ही म्हणाल, स्टेरॉइड वाईट. तसंही नाही, आणि मला हा विषय त्यासाठीच आवडतो.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. आतले कोलाजेनचे धागे इतके शिस्तीत रचलेले असतात की उजेड सरळ आरपार जातो. वरचा थर खरचटला तर एक-दोन दिवसांत भरून येतो, डागही राहत नाही. पण जंतू आतल्या थरात शिरला आणि पांढऱ्या पेशी त्याच्या मागे धावल्या, की त्या पेशींनी सोडलेली रसायनं जंतूबरोबर कोलाजेनही विरघळवतात. जखम भरते, पण धागे पूर्वीसारखे रचले जात नाहीत. तिथे पांढरा डाग राहतो. आपल्या आज्या त्याला ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणायच्या. ते फूल जंतूने पाडलं तेवढंच आपल्याच फौजेने पाडलेलं असतं.

डोळ्याला हे जणू ठाऊक असावं, कारण तो एरवी ही फौज लांबच ठेवतो. पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की दुसऱ्या सशाची कातडी अंगावर लावली तर शरीर ती झिडकारतं, पण डोळ्याच्या आतल्या पाण्यात ठेवली तर तगू शकते. शरीराने या अवयवाला खास सवलत दिलीय. थोडीशी सूजही इथे नजरेवर बेतते, म्हणून असेल.

मग साहजिक प्रश्न येतो. अँटिबायोटिकने जंतू मारायचे आणि स्टेरॉइडने फौज आवरायची, दोन्ही एकत्र दिलं तर फूल कमी पडेल का? डॉक्टरांमध्ये यावर वर्षानुवर्षं वाद होता. त्याची मोठी चाचणी झाली ती मुख्यतः आपल्याच देशात, तामिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांमध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर. ५०० रुग्ण, सगळ्यांना बॅक्टेरियाचा अल्सर. म्हणजे जंतू कोणता ते आधी तपासून पक्कं केलेलं. मग ४८ तास नुसतं अँटिबायोटिक. त्यानंतर निम्म्यांना स्टेरॉइडचे थेंब, निम्म्यांना नुसते साधे थेंब. निकाल २०१२ मध्ये आला. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांची नजर साधारण सारखीच. ज्यांचा डोळा सुरुवातीलाच फार बिघडलेला होता त्यांना स्टेरॉइडचा फायदा दिसला. नोकार्डिया नावाचा एक बॅक्टेरिया ज्यांच्यात होता, त्यांचं नुकसान दिसलं.

लक्षात घ्या, खरवडून तपासणी, दोन दिवस थांबणं, रोजची नजर, एवढं सगळं करूनही फायदा असा काठावरचा. आणि आपण काउंटरवर चाळीस सेकंदांत तेच औषध घेऊन येतो.

मेडिकलवाल्यांवर मी फार राग काढणार नाही. गर्दी असते, समोरचा म्हणतो ‘लवकर फरक पडेल असं द्या’, आणि स्टेरॉइडने फरक पडतो हे खरंच आहे. पण ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, तसं त्यावर छापलेलं असतं. तुम्ही एवढं करा, घरातल्या फ्रिजच्या दारात ज्या बाटल्या पडल्यात त्या आत्ता काढून बघा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, यातलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड. जोडीच्या औषधांत नावाच्या शेवटी बऱ्याचदा ‘डी’ किंवा ‘डीएक्स’ असतं, पण त्यावर विसंबू नका, बारीक अक्षरं वाचा. मोबाइलचा कॅमेरा झूम करा, तेवढा तर येतोच सगळ्यांना.

आणखी एक. बरं वाटतं म्हणून हे थेंब महिनोन्‌महिने घालणारे लोक आहेत, विशेषतः ज्यांचे डोळे ॲलर्जीने खाजतात ते. शंभरातल्या पाच-सहा जणांच्या डोळ्यातलं प्रेशर स्टेरॉइडने फार वाढतं. काचबिंदू. तो दुखत नाही, कळतही नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही.

लेन्सवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. लेन्स घालून झोपू नका, नळाच्या पाण्याने धुऊ नका, घालून पोहायला उतरू नका. पाण्यात अकँथमीबा नावाचा जीव असतो, तो कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. आणि नवरात्रात रंगीत लेन्स मैत्रिणींमध्ये अदलाबदल करून घालणं बंद करा. टिकल्या बदला, बांगड्या बदला, लेन्स नको.

मग डॉक्टरकडे कधी पळायचं? डोळा खरोखर दुखत असेल, नुसता खुपत नाही, दुखत असेल. नजर धूसर असेल आणि पापण्या मिचकावूनही साफ होत नसेल. उजेड सहन होत नसेल. बुबुळावर पांढरं दिसत असेल. पात, काडी, वेल्डिंगचा कण लागल्याचं आठवत असेल. किंवा तुम्ही लेन्स वापरता आणि एकच डोळा लाल आहे. यातलं एक जरी असेल तरी त्याच दिवशी. पैशाची अडचण असेल तर जे.जे. आहे, सायन आहे, केईएम आहे. आणि मध, गुलाबपाणी, आईचं दूध यातलं काहीही डोळ्यात घालून जाऊ नका. वापरत असलेली बाटली मात्र घेऊन जा.

त्या मुलाचं विचारणार ना? त्याला नाटामायसिन सुरू केलं. बुरशीचं जुनं औषध, पण २०१३ मध्ये आलेल्या चाचणीत नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा तेच सरस ठरलं होतं. पहिले काही दिवस तासातासाला थेंब, रात्री गजर लावून त्याची आई उठायची. डोळा वाचला. फूल मात्र बरोबर मध्यावर आहे, त्या डोळ्याने समोरची बोटं कशीबशी मोजता येतात. बाइकचं काम त्याने सोडलं, आता गोडाऊनमध्ये आहे. कॉर्निया बदलायचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलंय, नाव यादीत आहे.

परवा तो विचारत होता, ऑपरेशननंतर काय काळजी घ्यायची. त्याला म्हटलं, नवा कॉर्निया दुसऱ्याचा असणार, शरीर तो झिडकारायला बघू शकतं, म्हणून बरेच महिने थेंब घालावे लागतील. कुठले, तर स्टेरॉइडचे. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, ‘या वेळी चिठ्ठी घेऊन जाईन.’