समुद्रगाय आणि समुद्रगवत

दिसण्यावरून कूळ ठरवूं नये, हा वर्गीकरणशास्त्राचा पहिला धडा होय. डुगाँग ऊर्फ समुद्रगाय माशासारखी दिसते. परंतु ती फुप्फुसांनीं श्वास घेते व पिलाला दूध पाजते. ती सस्तन असून तिचें नातें हत्तीच्या कुळाशीं आहे. ती ज्यावर चरते तें समुद्रगवतही शेवाळ नव्हे. त्याला मूळ, पान, फूल व बीज असतें. तें सपुष्प, एकदल वनस्पतींत मोडतें. दोहोंचेही पूर्वज एके काळीं भूमीवरच नांदत होते.

रक्षणाची रीत मात्र निराळी. प्राण्याचें भय शिकारीचें. उत्तर पॅसिफिकमधील स्टेलरची समुद्रगाय १७४१ सालीं शास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडली व १७६८ च्या सुमारास शिकारीनें नामशेष झाली. भारतांत १९७२ चा वन्यजीव कायदा डुगाँगला संरक्षण देतो. गवताचा शत्रु वेगळा : गढूळ पाणी त्याचा सूर्यप्रकाश अडवितें, आणि तळ खरवडणारीं जाळीं त्याला मुळासकट उपटतात.

म्हणून केवळ शिकार थांबवून भागत नाहीं. २०२२ सालीं तमिळनाडूनें पाल्कच्या उपसागरांत ४४८ चौरस किलोमीटरांचें क्षेत्र राखीव केलें. त्यांत गाय आणि तिचें कुरण दोन्हीं आलीं. श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें तें एवढेंच, कीं शास्त्रानें दोन सृष्टींत विभागलेले हे जीव रक्षणाच्या कामीं वेगळे करतां येत नाहींत.