रिकाम्या पाइपचं काम

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



कवीला बोलायला बोलावलं, की तो पावसावर, आईवर नाहीतर गावावर बोलणार, अशी आपली एक समजूत असते. मी आज संडासाच्या पाइपांवर बोलणार आहे. कुणी जेवता जेवता रेडिओ लावला असेल, तर आधीच माफी मागतो. पण हा विषय प्रत्येकाच्या घरातला आहे. आणि घरातल्या ज्या गोष्टीबद्दल आपण बोलत नाही, तिथंच बहुधा चुका साठत जातात. माझीही अशीच एक चूक आहे. ती आधी सांगतो.

२००६ साली आम्ही घर बांधलं. खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि तिच्यापुढं गच्ची. गच्चीच्या एका कोपऱ्यात खुर्ची टाकून लिहीत बसायचं, हे माझं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं. नेमका त्याच कोपऱ्यातून मिस्त्रीनं दोन पाइप वर काढले. एक संडासाचा, भिंतीवरून सरळ वर आलेला. दुसरा मागच्या बोळातल्या सेप्टिक टाकीवरून आलेला.

मी विचारलं, "हे कशाला? ह्यातून काय जातं?"

मिस्त्री म्हणाला, "काही जात नाही, भाई. नुसती हवा."

"मग कापून टाका. टोपण लावा."

त्यानं एकदा समजावून पाहिलं. "भाई, राहू द्या. टाकीला श्वास लागतो." पण घरमालक मी होतो, वर बीए झालेला. मिस्त्रीनं मान हलवली, दोन्ही पाइप स्लॅबच्या जवळ कापले आणि टोपणं चिकटवून दिली. माझा कोपरा मोकळा झाला.

पुढं काय झालं ते सांगण्याआधी संडासाच्या पाइपात नेमकं काय घडतं, ते थोडक्यात सांगतो. मलाही हे फार उशिरा कळलं.

संडासाच्या भांड्याखाली पाइप सरळ जात नाही. तो एक बाक घेतो आणि त्या बाकात कायम थोडं पाणी अडून राहतं. साधारण दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर. प्लंबर त्याला वॉटर सील म्हणतात. आपण पाण्याचं बूच म्हणू. गटारातली घाण हवा आणि आपलं घर यांच्यामध्ये एवढं दोन इंच पाणीच काय ते उभं असतं. ही बाकाची युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या माणसानं १७७५ साली लंडनमध्ये पेटंट करून घेतली. त्याचा मूळ धंदा घड्याळं बनवण्याचा. आज आपल्या घरात बेसिनखाली, संडासाखाली, न्हाणीच्या जाळीखाली तोच बाक आहे. न्हाणीतल्या त्या भांड्याला तर इंग्रजीत शिकलेले इंजिनिअरही 'नहानी ट्रॅप'च म्हणतात. आपला न्हाणी हा शब्द असा थेट त्यांच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे.

आता हे पाण्याचं बूच तिथंच टिकून राहायला पाहिजे. ते टिकवण्याचं काम तो रिकामा पाइप करतो. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून बघा. तेल गुडगुड करत, थांबत, उसळत पडतं. दुसऱ्या बाजूला खिळ्यानं आणखी एक भोक पाडलं, की धार शांतपणे लागते. तेल जेवढं बाहेर येतं, तेवढी हवा आत जायला वाट हवी. संडासाच्या पाइपाचंही तसंच आहे. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश ओढला, की पाण्याचा लोंढा खाली येताना पुढची हवा ढकलतो आणि मागची ओढतो. वरून हवा यायला वाट नसेल, तर तो ओढ घेतो त्या बाकांतल्या पाण्यालाच. बूच निघतं. मग गटार आणि घर एक होतं.

आमच्याकडं हेच झालं. वरच्या संडासात पाणी टाकलं, की खालची न्हाणी गुडगुडायची. अम्मी म्हणायची, "न्हाणीत कुणी हुक्का ओढतंय रे." आम्ही हसायचो. मग वास सुरू झाला. आम्ही फिनाईल टाकलं, डांबरगोळ्या टाकल्या. पाहुणे यायचे म्हटलं, की अम्मी लोबान जाळायची. नऊ वर्षं आम्ही तो वास झाकत राहिलो. वास येतो कुठून, असा प्रश्न काही कुणी विचारला नाही.

ही गोष्ट नुसत्या वासावर थांबते असंही नाही. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्स या आजाराची साथ आली. तिथल्या अमॉय गार्डन्स नावाच्या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली. तपास करणाऱ्यांना न्हाणीघरांतल्या जमिनीवरचे ट्रॅप कोरडे पडलेले आढळले. लोक न्हाणीघर पाण्यानं धूत नव्हते, फडक्यानं पुसून घेत होते. त्यामुळं बाकातलं पाणी आटलं होतं. वर पाणी नाही आणि भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा चालू. त्या पंख्यानं पाइपातली दूषित हवा आणि तिच्यातले बारीक तुषार घरांत ओढून घेतले, असा निष्कर्ष निघाला. प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी असतं, तर आजाराची ती एक वाट बंद राहिली असती.

आपल्याकडं यासाठी नियम आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० साली आली. मग १९८३, २००५ आणि २०१६ साली ती सुधारून निघाली. तिचा नववा भाग नळ, सांडपाणी आणि मैलापाणी यांवरच आहे. सेप्टिक टाकीसाठी भारतीय मानक ब्युरोचं वेगळं मानक आहे, आयएस २४७०. त्यात या हवेच्या पाइपाबद्दल मोजक्या ओळी आहेत. पाइप निदान ५० मिलिमीटर व्यासाचा असावा. त्याच्या तोंडाला डास जाणार नाहीत अशी जाळी असावी. जवळच्या घरापासून टाकी १५ मीटर किंवा त्याहून लांब असेल, तर पाइप २ मीटर उंच असला तरी चालतो. त्याहून जवळ असेल, तर पाइप इमारतीच्या माथ्यावर आणखी २ मीटर गेला पाहिजे. आपल्या गावांत आणि शहरांत १५ मीटर मोकळी जागा कुणाकडं आहे? म्हणजे बहुतेकांना पाइप छपराच्या वरच न्यावा लागणार.

हे नियम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. ते मुख्यतः घरमालकासाठी लिहिलेले नाहीत. पाइप उंच न्यायचा, तो शेजाऱ्याच्या खिडकीत वास जाऊ नये म्हणून. जाळी लावायची, ती आपल्या टाकीतले डास साऱ्या आळीला चावू नयेत म्हणून. हिवताप विभागाचे कर्मचारी गावोगाव हेच सांगत फिरतात. क्यूलेक्स जातीचे डास, ज्यांच्यामुळं हत्तीरोग पसरतो, ते अशा घाण पाण्यातच वाढतात. पाइपाला जाळी किंवा पातळ कापड बांधलं तरी ते अडतात. पण जाळी लावणं वेगळं आणि तोंड बुजवणं वेगळं. मी तोंड बुजवलं होतं.

आता त्या चुकीचा दुसरा भाग.

२०१५ च्या उन्हाळ्यात टाकी भरली. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. आम्ही नऊ वर्षं तिच्याकडं पाहिलंच नव्हतं. मैला ओढणारी गाडी बोलावली, पण ती आमच्या बोळात शिरेना आणि तिची नळीही पोचेना. मग कुणीतरी दोन माणसांचं नाव सुचवलं. ते आले. एक पन्नाशीचा, दुसरा विशीतला. पैसे ठरले. आपण काय ठरवतो आहोत, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पहारीनं झाकण उचकटलं. वर गाळ वाळून घट्ट झाला होता. पोरानं शर्ट काढून भिंतीवर ठेवला आणि दोरी मागितली. मोठा माणूस वर बघत होता. भिंतीवर, मग गच्चीकडं.

"साहेब, हिची नळी कुठंय?"

मी म्हणालो, "कापली."

"कधी?"

"घर बांधलं तेव्हाच."

त्यानं पोराचा दंड धरला. "शर्ट घाल. उतरायचं नाही."

पोरगं म्हणालं, "काका, पाच मिनिटांचं काम आहे."

"माझा धाकटा भाऊबी पाच मिनिटांसाठीच उतरला होता."

एवढंच तो बोलला. झाकण उघडंच ठेवून, कुणी जवळ जाऊ नये म्हणून भोवती फळ्या लावून ते दोघं निघून गेले. दुसऱ्या दिवशी लांब नळी असलेली गाडी त्यानंच आणून दिली. मी पोराला आदल्या दिवसाची मजुरी देऊ केली. पोरगं घेईना. मी ती भिंतीवर ठेवली, तेव्हा त्यानं उचलली.

बंद टाकीत काय साठतं, हे मी नंतर समजून घेतलं. मिथेन साठतो. तो पेट घेतो, म्हणून आत दिवा किंवा काडी पेटवून हवा तपासायची जुनी रीत जिवावर बेतू शकते. हायड्रोजन सल्फाइड साठतो. कुजलेल्या अंड्याचा वास येतो तो हाच. पण त्याचं प्रमाण वाढलं, की तो नाकच बधिर करतो. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, हवा साफ झाली. शिवाय आत प्राणवायू कमी असतो. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागं तिसरा. एकाच टाकीत दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्याचं कारण हे आहे.

आणि एक सांगितलं पाहिजे. पाइप असता तरी त्या टाकीत माणूस उतरवणं सुरक्षित ठरलं नसतं. पाइपानं वायूला थोडी वाट मिळते, टाकीची काही खोली होत नाही. मी पाइप कापला ही एक चूक. माणूस उतरवायला निघालो, ही त्याहून मोठी.

त्या चुकीला कायद्यात नावही होतं. २०१३ साली संसदेनं हातानं मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा नवा कायदा केला. साधनांशिवाय आणि खबरदारीशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा नगरपालिकेला आहे, ठेकेदाराला आहे आणि माझ्यासारख्या घरमालकालाही आहे. माझ्या दारात ती माणसं आली, तेव्हा तो लागू होऊन दीड वर्ष होत आलं होतं. मला पत्ता नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती. २०२३ साली ती तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ माणसं मरायची थांबलेली नव्हती.

तो मिस्त्री मला नंतर एकदा बाजारात भेटला. मी म्हटलं, "तुमचं ऐकायला हवं होतं." तो हसला. म्हणाला, "भाई, सगळेच कापायला सांगतात. दिसायला वाईट दिसतो ना."

खरंच आहे. वरून काहीच वाहत नाही, म्हणून तो पाइप आपल्याला फुकटचा वाटतो. मी वृत्तात लिहितो. ओळीत यती असतो, म्हणजे थांबायची जागा. तिथं एकही अक्षर नसतं. पण तो चुकला, की म्हणणाऱ्याचा श्वास अडखळतो. हे मी कवितेत तीस वर्षं पाळत आलो आणि घराच्या बाबतीत मात्र विसरलो.

दोन्ही पाइप मी पुन्हा वर घेतले. गच्चीच्या माथ्यावर २ मीटर, तोंडाला जाळी. न्हाणीतला हुक्का त्या दिवशी बंद झाला. अम्मीला मात्र चैन पडेना. दोन-तीन दिवस ती कान देऊन ऐकत राहायची.

श्रोतेहो, जाता जाता तीन कामं सांगतो. पहिलं, आज गच्चीवर किंवा अंगणात जाऊन तुमचा हवेचा पाइप बघा. तो आहे का, त्याचं तोंड उघडं आहे का, जाळी फाटली आहे का. गच्चीवर नवा पत्रा घातला असेल, तर पाइप त्याच्याखाली अडकलेला नाही ना. शेजारी नवी इमारत उठली असेल, तर त्याचं तोंड कुणाच्या खिडकीसमोर तर नाही ना. दुसरं, वापरात नसलेल्या न्हाणीच्या जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. मे महिन्यात गावाला जाऊन आलात आणि दार उघडल्यावर वास आला, तर फिनाईल शोधण्याआधी तेच करा. तिसरं, टाकी दोन-तीन वर्षांनी गाडीनंच उपसा. गाडी बोळात शिरत नसेल, तर लांब नळीची गाडी मिळेपर्यंत थांबा. एक दिवस थांबा, चार दिवस थांबा. पण कुणी शर्ट काढून भिंतीवर ठेवायला लागला, तर त्याला तो परत घालायला सांगा.

माझ्या दारात हे मी सांगायला हवं होतं. ते दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.