सगळेच दुखणे वयाचे नसते



आज आम्ही बायांच्या एका दुखण्याविषयी बोलणार आहोत. पुरुषांनी उठून जाऊ नये. दुखणे बाईचे असले, तरी झळ साऱ्या घराला लागते.

बाईची पाळी साधारणपणे ४५ ते ५० या वयात जाते. कोणाची थोडी आधी, कोणाची थोडी नंतर. लागोपाठ बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे समजतात. हा काही आजार नाही. पण त्या काळात पाळी मागेपुढे होते. एकाएकी छातीपासून तोंडापर्यंत गरम वाफ आल्यासारखे वाटते. दरदरून घाम सुटतो. रात्री झोप लागत नाही. उगाच चिडचिड होते.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच घोटाळा होतो. चाळिशी उलटलेली बाई म्हणते, "माय, अंगात जीवच नाही राहिला. निंदायला गेली तर पात उरकत नाही." सासू म्हणते, "आवं, पाळी जायचं वय आहे तुह्यं. असंच होते." घरधनी म्हणतो, "आळशी झाली." कोणी म्हणते, बाहेरचं आहे, उतारा टाका. दवाखान्याचे नाव कोणी काढत नाही. अशी दोन-चार वर्षे निघून जातात.

हे दुखणे वयाचे असेल. पण ते थायरॉइडचेही असू शकते.

थायरॉइड म्हणजे काय? आपण गळसरी बांधतो, त्या जागी आत एक लहान ग्रंथी असते. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा तिचा आकार असतो. तिच्यातून एक रस रक्तात जातो. तो रस म्हणजे शरीराच्या चुलीचा जाळ. जाळ मंद झाला, तर बाई थकते. थंडी जास्त वाजते. वजन वाढते, शौचाला साफ होत नाही. चामडी कोरडी पडते, केस गळतात, मन उदास होते. जाळ फार मोठा झाला, तर छाती धडधडते, हात कापतात, घाम येतो, खाऊनही वजन घटते.

आता पाहा. थकवा, घाम, धडधड, न येणारी झोप, मागेपुढे होणारी पाळी, ही लक्षणे दोन्हीकडे दिसतात. नुसते पाहून भल्याभल्यांना ओळखता येत नाही. आणि थायरॉइडचा आजार पुरुषांपेक्षा बायांना जास्त होतो.

मग ओळखायचे कसे? रक्त तपासून. त्या तपासणीला टीएसएच म्हणतात. आपल्या मेंदूखाली एक ग्रंथी आहे. ती थायरॉइडची मुकादम. मजूर मंदावला, की मुकादम जास्त ओरडतो. तसेच थायरॉइड मंदावली, की बहुधा रक्तात टीएसएच वाढते. थायरॉइड जास्त काम करू लागली, की ते कमी होते.

थायरॉइड मंद निघाली, तर डॉक्टर थायरॉक्सिनची गोळी देतात. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल, तर दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे लागते. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. बहुतेकांना ती जन्मभर लागते. शेजारणीची गोळी तर मुळीच घेऊ नये. पाळी गेल्यावर हाडे आधीच ठिसूळ होऊ लागतात. गोळी जास्त झाली, तर ती आणखी झिजतात.

मिठाबद्दलही सांगतो. पूर्वी आयोडीन कमी पडून अनेकांना गलगंड होई. १९५६ साली हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनचे मीठ देऊन पाहण्याचे काम सुरू झाले. गलगंड कमी झाला. १९६२ साली सरकारने देशासाठी गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम काढला. म्हणून आयोडीनचे मीठच वापरा आणि बरणीला झाकण ठेवा. पण आज अनेकांची थायरॉइड मंदावते, ती शरीर स्वतःच त्या ग्रंथीवर उलटते म्हणून. तेव्हा जास्त मीठ खाऊन हा आजार बरा होत नाही.

आणखी दोन गोष्टी. पाणी गिळताना गळ्याखाली गाठ वरखाली होताना दिसली, तर ती डॉक्टरांना दाखवा. पाळी पुरती गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर तेही लपवू नका. एकदाच दिसले तरी दवाखान्यात जा.

खर्चाला भिऊ नका. महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. रक्त गावातच देता येईल की वाशीमला जावे लागेल, ते आशाताईला विचारा.

बंधूंनो, बैल मंदावला तर आपण त्याला लगेच दाखवायला नेतो. घरची बाई मंदावली, तर तिला आळशी म्हणू नका. सोयाबीनची सोंगणी होईपर्यंत थांबूही नका. एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, पण तिला तपासून आणा.

एवढे सांगून आम्ही थांबतो. आता तुम्ही विचारा.