आपण काय मोजतो?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला : 'संकटातली आशा आणि बदलती मूल्यं'. हा खरं तर एखाद्या प्राध्यापकाचा विषय. मी वीस वर्षं संगणकासमोर बसणारी बाई. पण आमच्या कामात एक गोष्ट रोज करावी लागते, ती म्हणजे मोजणं. काय मोजायचं हे एकदा ठरलं, की सगळी टीम न सांगता त्याच दिशेनं धावू लागते. जे मोजलं जात नाही, ते हळूहळू कुणाला दिसेनासं होतं. समाजाचंही असंच असावं. त्याची मूल्यं सुविचाराच्या फळ्यावरून कळत नाहीत, तो काय मोजतो यावरून कळतात.

आता सकाळपासून आपण एकमेकांना काय विचारतोय ते आठवा. कुठं असतोस? पॅकेज किती? फ्लॅट घेतला का? पोराला दहावीत किती पडले? प्रेमानंच विचारतोय, त्यात वाईट काही नाही. पण या प्रश्नांत न मावणारं बरंच काही या मांडवात बसलेलं आहे. कोरोनात कुणाचा नवरा गेला, कुणाचे वडील गेले. माझ्या क्षेत्रात एका ईमेलनं पंधरा वर्षांची नोकरी संपते. इथं राहिलेल्या मित्रांचा धान ऐन कापणीत पावसात भिजतो, आणि सरपणाला किंवा मोहफुलं वेचायला गेलेलं माणूस परत येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला असतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील गावात एकटे आहेत आणि आपण पुण्याहून व्हिडिओ कॉलवर त्यांना 'औषध घेतलं का' विचारतो.

अशा वेळी आपण चटकन म्हणतो, पूर्वी असं नव्हतं, पूर्वीची माणसं चांगली होती. मला हे पटत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच दोन जिल्ह्यांत आहे.

बाबा आमटे आणि साधनाताई १९५१ साली वरोऱ्याजवळच्या माळरानावर राहायला गेले. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. त्या 'चांगल्या' काळात कुष्ठरोग झालेल्या माणसाला घरचे लोकच गावाबाहेर काढत. आनंदवनात पिकलेली भाजी विकत घ्यायला लोक तयार नव्हते. समाज झडलेली बोटं मोजत होता. बाबांनी आणि साधनाताईंनी उरलेली बोटं मोजली, आणि तेवढ्यांत विहीर खणता येते, शेती करता येते, माग चालवता येतो हे दाखवलं. पुढे त्याच आनंदवनात आजूबाजूच्या मुलांसाठी महाविद्यालय निघालं. ज्यांच्या हातची भाजी चालत नव्हती, त्यांच्या आवारात गावची पोरं शिकायला जाऊ लागली. मूल्यं बदलतात ती अशीही बदलतात.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. १९८२ साली चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला. आपल्या लहानपणी तिकडची बदली म्हणजे शिक्षा, असं सरकारी नोकरांच्या घरात सरसकट बोललं जाई. अजूनही पुण्यात मी 'आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीला' म्हटलं, की समोरचा पहिला प्रश्न नक्षलवाद्यांचा विचारतो. अशा जागी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली स्वतःहून आले. अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेले हे दोघं. त्यांनी 'सर्च' संस्था काढली आणि मोजायला सुरुवात केली. बायकांची दुखणी मोजली, तेव्हा तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. त्या 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून अंगावर काढत होत्या. मग त्यांनी नवजात बाळांचे मृत्यू मोजले. चार दिवसांचं बाळ गेलं तर त्याची नोंद कुठेच होत नसे. नाव ठेवायच्या आधीच ते गेलेलं असे. माय रडे आणि आठवड्यानं रोवणीला जाई.

इथं मला एका यंत्राबद्दल सांगायचं आहे, कारण यंत्र हा माझा विषय. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखायला मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावं लागतं. पण गावच्या सुईणीला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग एक साधी पट्टी तयार केली. तिच्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलं, तर बाळ आजारी. बस्स. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'वापरायला सोपं' हा शब्द उठता-बसता वापरतो, पण याहून सोपी रचना माझ्या पाहण्यात नाही. ती करणाऱ्यानं 'हिला मोजता येत नाही' असं म्हणून बाईला बाजूला सारलं नाही. हिला दहापर्यंत येतं ना, मग तिथून सुरू करू, एवढाच विचार केला.

गडचिरोलीच्या ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. या कामाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तुलनेच्या गावांपेक्षा या गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर काम करू लागल्या. आज बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी येते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी... वजन करते, ताप बघते, वहीत लिहून ठेवते. मला आशेबद्दल बोलायला सांगितलं, आणि आपल्याकडे आशा चक्क पिशवीत वजनकाटा घेऊन पायी फिरते. याहून अधिक मी काय सांगू?

तिसरं, धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. शंभरेक घरांचं गोंडांचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबतीला मोहन हिराबाई हिरालाल. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचा जरी विरोध असेल तरी चर्चा पुढच्या बैठकीत. आम्हाला ऑफिसात दोन तासांची मीटिंग जड जाते, हे लोक एकेका प्रश्नावर महिनोन्महिने बसले. आपल्याकडचा बांबू वर्षानुवर्षं भाडेपट्ट्यानं कागद कारखान्याला जात होता. आपल्या वह्यांची पानंही कदाचित त्यातलीच असतील. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर नेण्याच्या परवान्यासाठी २०११ पर्यंत झगडावं लागलं.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला असाच हक्क २०१२ साली मिळाला. त्यांनी बांबू विकायचा ठरवला, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. त्यासाठी झाडं छाटतात, जंगलात आगी लावतात, म्हणून. तेंदूचे दिवस म्हणजे आपल्याकडे वर्षाची रोकड, हे तुम्हाला मी काय सांगणार! हाताशी आलेली कमाई सोडताना त्या गावानं पैशाशिवाय आणखी काही मोजलं.

सगळं गोड नाही. २०१० साली दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेलेल्या बाया आठवतात? २०१५ साली चंद्रपूरला दारूबंदी झाली, २०२१ मध्ये उठली. उठवताना बुडालेल्या महसुलाचे आणि अवैध दारूचे आकडे पुढे केले गेले. या विषयावर आपल्यात दोन मतं असतील. पण रात्री नवरा शुद्धीत घरी आला, हा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. म्हणून म्हणते, आशा एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही. शेताच्या बांध्यांसारखी ती दरवर्षी डागडुजी मागते.

आता आपल्याबद्दल. आपण मेंढ्याला जाऊन राहणार नाही, मीही नाही. पण आपल्याला मोजायला कुणी शिकवलं, ते इथं समोर बसले आहेत. सर, बाई, तुम्ही हजेरी घ्यायचात. रोवणीच्या दिवसांत चार-पाच नंबरांना 'हजर' ऐकू यायचं नाही. तेव्हा तुम्ही नुसती फुली मारून पुढे जात नव्हतात. 'त्याच्या घराजवळचा कोण आहे रे? संध्याकाळी जाऊन बघ,' असं सांगायचात. आमच्यापैकी काही जण आज या मांडवात आहेत, ते त्या एका वाक्यामुळे आहेत.

माझा प्रस्ताव साधा आहे. आपल्या निधीतून प्रवेशद्वार बांधावं अशी सूचना आली आहे, ती चांगलीच आहे. त्यासोबत एक वही ठेवू. दरवर्षी आपल्या शाळेतून दहावीला बसलेली मुलं पुढच्या जूनमध्ये कुठं आहेत, ते त्यात लिहू. कोण अकरावीला गेलं, कोण आयटीआयला, कोणाचं लग्न लावून दिलं, कोण कामाला लागलं. पहिल्या वीसांचं कौतुक होतंच, आपण शेवटच्या वीसांची चौकशी करू. वही संगणकावर मांडायचं काम माझं. पण घरी जाऊन दार वाजवायला गावात राहिलेले मित्रच लागतील. फीमुळे अडलं असेल तर आपण पन्नास-साठ जण मिळून तेवढं भरू शकतो.

पुढच्या मेळाव्यात आपण भेटू, तेव्हा एकमेकांना पॅकेज जरूर विचारू. पण त्याआधी ती वही उघडून वाचू, हजेरीसारखी, एकेक नाव घेऊन. आणि ज्या नावाला उत्तर येणार नाही, तिथं सरांचाच प्रश्न विचारू : त्याच्या घराजवळचा कोण आहे रे?