जनावरांचा दवाखाना गावाचा व्हावा



मृगाच्या तोंडावर बैलजोडीचं मोल काय असतं, हे आदिलाबादमधल्या बेला-जैनथच्या कपाशीवाल्याला किंवा उटनूरच्या डोंगरातल्या गोंड शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आणि नेमका हाच घटसर्पाचा हंगाम. सकाळी जनावर चारा सोडतं, अंगात ताप भरतो, गळ्याखाली सूज येते, श्वासाला घरघर लागते आणि पुष्कळदा दिवस उलटायच्या आत ते दगावतं. घरघर सुरू झाल्यावर औषधाचा गुण क्वचितच येतो. पावसाआधी टोचलेली लस मात्र जनावर वाचवते. म्हणजे डॉक्टर किती लवकर पोचतो, एवढाच हा प्रश्न नाही. डॉक्टरची गरज पडण्याआधी गावाने काय केलं, हा खरा प्रश्न आहे. जनावरांचा दवाखाना सरकारने उघडावा हे योग्यच, पण तो चालवण्यात गावाचा हात नसेल तर तो अर्धाच राहतो, असं माझं म्हणणं आहे.

याला सर्वांत भक्कम पुरावा बुळकांडीचा. गोठेच्या गोठे रिकामे करणाऱ्या या रोगामुळेच 1889 मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि 1893 मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. तिथे जे. टी. एडवर्ड्स यांनी 1920 च्या दशकात बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत नेत नेत सौम्य केला आणि त्यातून लस तयार झाली. देशव्यापी मोहीम सुरू झाली 1954 मध्ये, आणि शेवटचा उद्रेक नोंदला गेला 1995 मध्ये. लस हाती असूनही, ती तयार झाल्यापासून शेवटच्या उद्रेकापर्यंत सहा दशकांहून अधिक काळ गेला. औषध होतं, पण ते प्रत्येक दावणीपर्यंत पोचत नव्हतं आणि आडरानातला रोग सरकारी नोंदवहीत येत नव्हता. अखेरच्या टप्प्यात कर्मचारी गावोगाव फिरले, जनावरं ज्या वाटांनी बाजाराला जातात त्या वाटांवर थांबले आणि गुराख्यांना विचारत राहिले: तोंडात फोड आलेलं, पातळ हगवण लागलेलं जनावर कुठे पाहिलंत का? गुराख्याचं उत्तर हा तेव्हा पुरावा मानला गेला. इथिओपियाच्या अफार भागात तर पशुपालकांमधूनच माणसं निवडून, उष्णतेत टिकणारी लस त्यांच्या हाती दिली गेली. भारत 2006 मध्ये या रोगाच्या संसर्गातून मुक्त ठरला, जग 2011 मध्ये. माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला जनावरांचा हा पहिला रोग, आणि त्यात प्रयोगशाळेइतकाच वाटा गुराख्याचा आहे.

महाराष्ट्रात आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशात हाच धागा पुढे नेला तो ‘अंतरा’ने. डॉ. नित्या घोटगे आणि डॉ. सागरी रामदास या दोन पशुवैद्यक स्त्रियांनी 1992 मध्ये ही संस्था उभी केली. गोठ्यातली वैरण, पाणी, शेण, दूध बायकाच पाहतात. शेळीने रवंथ करणं थांबवलं हे आधी त्यांनाच कळतं. तरी प्रशिक्षणाचं बोलावणं पुरुषाला जातं. संस्थेने गावातल्या बायकांना पशुआरोग्याचं काम शिकवलं आणि त्यांना ठाऊक असलेल्या झाडपाल्याच्या उपायांची पारख करून नोंद केली. हे मला मोलाचं वाटतं, कारण शिकवणारा तिथे विचारणाराही झाला.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. चार दिवस शिकलेला माणूस उद्या स्वतःला डॉक्टर म्हणवून सुया टोचत सुटेल, त्याचं काय? भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या 1984 च्या कायद्याने याची हद्द आखली आहे. उपचार करायचा तो नोंदणीकृत पशुवैद्यकानेच. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी प्राथमिक कामं मात्र राज्य सरकार ठरवेल त्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याला पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करता येतात. गावाचा हात हवा तो या हद्दीच्या आत. चुकीचं औषध गोठ्यात आलं की काय होतं, हे डायक्लोफिनॅकने दाखवलं. दुखण्यावर दिलेलं हे स्वस्त इंजेक्शन मेलेल्या गुराच्या मांसात उरलं, ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभरातली गिधाडं झपाट्याने संपत गेली. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये त्या बाटलीचं माप 3 मिलिलिटरवर आणावं लागलं. आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेज्जूरच्या जंगलात, पालारापूच्या कड्यावर 2013 मध्ये गिधाडांची वसाहत आढळली. त्या कड्यावरचं पिल्लू जगेल की नाही, हे भोवतालच्या गोठ्यांत कोणती बाटली फोडली जाते यावर ठरतं. मेलॉक्सिकॅमसारखं गिधाडांना सुरक्षित औषध उपलब्ध आहे. बंदी असलेलं औषध गावात येऊ न देणं हे गावालाच जमेल. प्रत्येक दावणीवर निरीक्षक उभा करता येत नाही.

दुसरं म्हणणं असं, की आता फिरते दवाखाने आहेत, मग हा खटाटोप कशाला? तेलंगणाने 2017 मध्ये असे शंभर फिरते दवाखाने सुरू केले आणि 1962 या क्रमांकावर फोन केला की गाडी येते. सोय चांगलीच आहे, तिचा उपयोग करावा. पण गाडी बोलावली जाते ती जनावर पडल्यावर. लसीकरणाच्या दिवशी कोणत्या वाडीची गुरं रानात होती आणि लसीवाचून राहिली, पैनगंगेपलीकडच्या बाजारातून परवा कोणाकडे नवी गाय आली, हे गाडीवाल्याला कुठून कळणार? केंद्र सरकारने 2019 मध्ये सुरू केलेल्या लाळ्या-खुरकुताच्या मोहिमेतही जनावराच्या कानात 12 अंकी बिल्ला येतो, पण बिल्ला नसलेलं जनावर दाखवायला गावातलंच कोणीतरी लागतं. शिवाय गोंडी, कोलामी, लंबाडी, मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्या या जिल्ह्यात आजाराची खूण डॉक्टरपर्यंत नीट पोचवायलाही तेच माणूस कामी येतं.

म्हणून विनंती एवढीच. घटसर्पाच्या लसीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा रोहिणी लागण्याआधीच ग्रामसभेत लसीकरणाचा दिवस ठरवा, गुरं-बैलांची यादी करा, त्या कामात बायकांना पुढे ठेवा, आणि ती यादी आपल्या मंडलातल्या पशुवैद्यकाकडे स्वतः नेऊन द्या.